घरचा कारभार : जुन्या भिंती, नव्या तारा

खानदेशांतील एखादें जुनें घर पाहिलें, तर भिंत बांधतांनाच तिच्यांत दिव्यासाठीं देवळी सोडलेली आढळते. माजघरांत एक, स्वयंपाकघरांत चुलीपासून जरा दूर एक, ओट्यावर दाराच्या बाजूस एक, अशा या देवळ्या घरधनी व गवंडी यांनीं मिळून आधींच योजिलेल्या असत. दिवा कोठें लागावयाचा हें भिंत उभी राहण्यापूर्वीं ठरे. त्यामुळें दिव्यासाठीं पुढें भिंत फोडण्याचा प्रसंग येत नसे. विजेच्या वांट्यास हें भाग्य आलें नाहीं. ती आपल्या घरीं मागाहून आली आणि मिळेल त्या खिळ्याला धरून भिंतीवर चढली. आतां तिच्यावांचून कोणाचेंच चालत नाहीं, आणि भिंती मात्र तिला ठाऊक नसतांना बांधलेल्या आहेत. पुऱ्या झालेल्या भिंतींतून नवी तार कशी न्यावी, न्यावी कीं न न्यावी, आणि हें काम घरांतील कोणी कसें ठरवावें, याचा विचार या खेपेस करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

विषय वायरमनचा आहे, आपला नव्हे, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु वायरमन चार दिवसांनीं आपल्या घरीं जातो. तारेखालीं निजावयाचें आपल्याला असतें. सरकारतर्फें अपघाती मृत्यूंचे जे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतात, त्यांत अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्यानें दगावलेल्यांची संख्या दर वर्षीं दहा हजारांहून अधिक दाखविलेली आहे. यांत शेतांतील, रस्त्यांवरील व कारखान्यांतील अपघातहि आले, हें खरें. तथापि घरांतील ओली भिंत, कुजलेली तार आणि अर्थिंग नसलेला पंप यांचाहि त्यांत वांटा आहेच. तेव्हां गृहस्थानें या शास्त्राचीं मुळाक्षरें तरी गिरवलेलीं असावीं.

प्रथम आपल्या भिंतींवर आज काय आहे तें पाहूं. खोपोलीच्या टाटा जलविद्युत् केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली ती १९१५ सालीं. तालुक्याच्या गांवांत व खेड्यांत ती सर्वत्र पोंचण्यास त्यानंतर कित्येक वर्षें जावीं लागलीं. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ १९६० सालीं स्थापन झालें. २००५ सालीं त्याचें विभाजन होऊन वितरणाचें काम महावितरण कंपनीकडे आलें. या सर्व काळाचे थर एखाद्या जुन्या घराच्या भिंतीवर वाचतां येतात. कोठें चिनी मातीच्या गुट्ट्यांमधून ताणलेल्या तारा आहेत. कोठें लाकडाची दोन खांचांची पट्टी असून एका खांचेंत फेज, दुसऱ्या खांचेंत न्यूट्रल आणि वर लाकडी झांकण आहे. कोठें सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनीं आवळलेली तार आहे. अगदीं जुन्या तारांवर रबराचें आवरण व त्यावर सुताची वीण असे. तें रबर वयोमानानें कडक होतें, चिरतें व हात लावतांच भुग्यासारखें गळतें. १९६० नंतरच्या कांहीं दशकांत तांब्याच्या टंचाईमुळें अॅल्युमिनियमच्या तारा पुष्कळ घरांत बसविल्या गेल्या. त्यांचे सांधे काळानें सैल होतात व तापतात; आणि तांब्याची तार त्यांना नुसती पिळून जोडली, तर दमट हवेंत तो सांधा खराब होत जातो. जुन्या घरांत ही मिश्र जोडणी आम्हीं अनेक वेळां पाहिली आहे.

आतां या तारांकडून आपण कोणतें काम घेतों? थोडें गणित करूं. तें चौथीच्या मुलासहि जमेल इतकें सोपें आहे. वॅटची संख्या व्होल्टनें भागली म्हणजे स्थूल मानानें प्रवाहाचे अँपियर निघतात. घरांतील दाब २३० व्होल्ट धरला, तर ६० वॅटचा जुना दिवा पाव अँपियर घेतो. १००० वॅटची इस्त्री सव्वाचार अँपियरांहून थोडा अधिक, आणि २००० वॅटचा पाणी तापविण्याचा गीझर पावणेनऊ अँपियर घेतो. म्हणजे एक गीझर लावणें हें ६० वॅटचे तेहेतीस दिवे एकदम लावण्यासारखें आहे. ज्या तारेवर पूर्वीं चार दिवे व एक पंखा होता, तिच्यावर आज मिक्सर, शीतकपाट, पाणी शुद्ध करण्याचें यंत्र व इस्त्री यांचा भार पडतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दोन अँपियरांच्या जागीं आठ अँपियर वाहूं लागले, तर प्रवाह चौपट होतो, पण उष्णता सोळापट होते. "इतकीं वर्षें चाललें, आतांच काय झालें?" हा प्रश्न ज्येष्ठांकडून नेहमीं ऐकूं येतो. त्याचें उत्तर या सोळा आंकड्यांत आहे. तार तीच आहे; तिच्या डोक्यावरचें ओझें तें राहिलें नाहीं.

त्यांतून आपला प्रदेश खानदेशचा. दक्षिणेस तापी व उत्तरेस सातपुडा यांमध्यें वसलेल्या चोपड्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्याहि वर जातो, हें येथील रहिवाशांस सांगावयास नको. नेहमींच्या पी.व्ही.सी. आवरणाच्या तारेंतील धातु ७० अंशांहून अधिक तापूं देऊं नये, असा नियम आहे. भोंवतालची हवा ३० अंश असेल, तर तारेला तापावयास ४० अंशांची मोकळीक राहते. हवाच ४५ अंश असली, तर ती मोकळीक २५ अंशांवर येते. शिवाय तीच तार चार सोबतिणींसह नळींत घालून भिंतींत पुरली, म्हणजे तिची उष्णता बाहेर पडण्यास आणखी अडथळा येतो. म्हणून थंड देशांतील कोष्टकें पाहून येथें बारीक तार निवडूं नये. दिव्यापंख्यांसाठीं दीड चौरस मिलिमीटर, मोठ्या पिनांसाठीं अडीच, व गीझर किंवा वातानुकूलन यंत्र यांसाठीं चार चौरस मिलिमीटर तांब्याची तार घ्यावी. तारेवर भारतीय मानकाची खूण असल्याची खात्री करावी, व ज्वाला पसरूं न देणारा प्रकार मागावा. तार घेतांना वांचविलेले पैसे पुढें दुप्पट मोजावे लागतात. कारण भिंत पुन्हां उघडावी लागते.

नवी तार नेण्याचे मार्ग तीन : भिंतीच्या आंतून, भिंतीच्या वरून, व छताच्या बाजूनें आणून खालीं सोडणें. आमच्याकडे पहिल्या मार्गास "अंडरग्राउंड फिटिंग" म्हणतात. जमिनीशीं तिचा कांहींएक संबंध नसतां हें नांव कसें पडलें कोण जाणे. पण वायरमन व घरधनी या दोघांस तें समजतें, एवढें पुरे. हल्लीं तरुण मंडळी अमेरिकेंतील चित्रफिती पाहून सांगतात कीं, भिंतीस एक लहानसें भोंक पाडावें, वरून तार सोडावी, खालून ओढून घ्यावी, कीं काम झालें. तें त्या घरांपुरतें खरें आहे. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती लांकडी सांगाड्यावर दोन्ही बाजूंनीं पातळ फळ्या ठोकून केलेल्या असतात व मध्यें पोकळी असते. आपल्या भिंती भरींव आहेत, मग त्या विटेच्या असोत, दगडाच्या असोत वा मातीच्या. भरींव भिंतींत तार ओढावयाची तर आधीं वाट खोदली पाहिजे. या खोदाईस झिरी मारणें म्हणतात, आणि येथेंच घराच्या बळाचा प्रश्न उभा राहतो.

झिरी किती खोल असावी यास नियम आहे. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून खोल नसावी, व आडवी झिरी सहाव्या हिश्शाहून खोल नसावी. कारण सोपें आहे : भिंतीवरचा भार वरून खालीं उतरतो. उभी खांच त्या भाराच्या वाटेबरोबर जाते, आडवी खांच ती वाटच कापते. आतां हिशेब करा. नऊ इंची विटेच्या भिंतींत उभी झिरी तीन इंच व आडवी दीड इंच चालेल. एक इंची नळी कशीहि बसते. परंतु साडेचार इंची भिंतींत आडवी झिरी पाऊण इंचाहून खोल जातां कामा नये, म्हणजे तेथें एक इंची नळी आडवी नेतांच येत नाहीं. तरीसुद्धां अशा पडद्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत कापलेल्या आपण रोज पाहतों. एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर झिऱ्या मारणें तर सर्वथा वर्ज्य. तुळईच्या टेकणाखालीं, कमानींत, आणि खांब, तुळई व स्लॅब यांच्या कॉंक्रीटमध्यें छिणी चालवूंच नये. तेथील लोखंडी सळई उघडी पडली कीं तिला गंज चढतो, व गंजानें फुगलेली सळई कॉंक्रीट फोडते.

चोपड्याच्या जुन्या वस्तींतील धाब्याच्या घरांस हाहि नियम पुरा पडत नाहीं. दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, त्यांच्या पोटांत दडलेले लांकडी खांब, वर तुळया, कड्या व पाट, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर, अशी ही रचना असते. भिंत जाड दिसते म्हणून ती खुशाल कापतां येईल, अशी समजूत होण्याचा संभव आहे. पण मातीची भिंत सरळ रेषेंत कापली जात नाहीं. दोन बोटांची झिरी मारावयास जावें, तों वीतभर ढेंकूळ निघून येतें. त्यांत सिमेंट भरलें तर तें मातीस धरून राहत नाहीं. एका पावसाळ्यांत तेथें भेग दिसूं लागते. छिणी मध्येंच खांबावर बसली तर घराचें हाडच दुखावतें. शिवाय अशा भिंतींत उंदीर, घुशी व वाळवी यांचा वावर असतो. उंदीर तारेचें आवरण कुरतडतो व तें कुरतडलेलें कोणासहि दिसत नाहीं. पावसाळ्यांत धाबें गळलें कीं पाणी भिंतींतूनच उतरतें. सबब मातीच्या भिंतींत तार पुरूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. अशा घरांत तार भिंतीवरून, कठीण नळींतून अथवा झांकणाच्या पट्टींतून न्यावी. ती दिसते, हाच तिचा गुण. दिसणारा दोष त्याच दिवशीं सुधारतां येतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत दोन वर्षांपूर्वीं हाच प्रश्न उपस्थित झाला. तिघे भाऊ, एक चूल. घराचा पुढचा भाग मातीचा व धाब्याचा, मागचा भाग वडिलांनीं उतारवयांत बांधलेला पक्क्या विटांचा. स्वयंपाकघरांत एक दिवा व एक पिन, एवढीच सोय होती. मिक्सर व शीतकपाट यांसाठीं माजघरांतून एक लांब लोंबती तार आणलेली असे. ती दाराच्या उंबऱ्यावरून जाई, आणि दार लोटलें कीं चिमटली जाई. एके दिवशीं दुपारीं तेथून ठिणगी उडाली. उंबऱ्याशीं ऐंशी वर्षांच्या आजी तांदूळ निवडीत बसलेल्या होत्या. सुदैवानें कांहीं झालें नाहीं. पण त्या रात्रीं घरांत वाद झाला. थोरल्या बंधूंचें म्हणणें, वडिलांनीं उभारलेल्या भिंतीस छिणी लागूं द्यावयाची नाहीं. धाकट्यांचें म्हणणें, करावयाचें तर सारें घर अंडरग्राउंड करून टाकावें, लोंबत्या तारा पाहून पाहुणे हंसतात. मधले परगांवीं नोकरीस. त्यांनीं फोनवरून विचारलें कीं, आम्ही वर्षांतून पंधरा दिवस तेथें राहणार, मग खर्चाचा तिसरा हिस्सा आमच्यावर कां? बराच वेळ झाल्यावर धाकट्या सूनबाई दाराआडून म्हणाल्या, "अण्णा, भिंत आबांनीं बांधली हें खरें, पण तिच्या आंत राहणारीं माणसेंहि आबांचींच आहेत ना? त्या तारेपाशीं दिवसाचे सहा तास मी असतें, आणि आजी असतात."

यावर अण्णा कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं एका वृद्ध व परवानाधारक वायरमनास बोलावून आणलें. त्यानें भिंती बोटांनीं वाजवून पाहिल्या, खांब कोठें आहेत तें खडूनें रेखलें, आणि सांगितलें कीं पुढच्या भागांत छिणी मारावयाची नाहीं व मागच्या भागांत मारावयास हरकत नाहीं. म्हणजे दोघांचेंहि निम्मेंनिम्में खरें ठरलें. पुढच्या भागांत तुळईच्या कडेनें नळी नेली व तिला तुळईचाच रंग दिला. ती आतां शोधून काढावी लागते. मागच्या विटेच्या भागांत उभ्या झिऱ्या मारून नळ्या पुरल्या. काम स्वयंपाकघरापासून सुरू झालें, दिवाणखाना सर्वांत शेवटीं झाला. खर्चाविषयीं अण्णांनीं मधल्या बंधूंस एवढेंच कळविलें कीं, आई वर्षाचे बाराहि महिने त्या घरांत राहते. मधल्यांचा हिस्सा आठवड्याच्या आंत आला.

हा प्रसंग आम्हीं विस्तारानें सांगितला त्यास कारण आहे. पुष्कळ घरांत विजेची सोय प्रथम दिवाणखान्यांत होते, कारण तेथें पाहुणे येतात. मग निजण्याच्या खोल्यांत होते. आणि स्वयंपाकघर, मोरी व परसू यांचा क्रम शेवटीं लागतो. वस्तुतः पाणी, विस्तव व वीज हीं तिन्हीं जेथें एकत्र येतात, तीच जागा सर्वांत धोक्याची, व तेथेंच घरांतील स्त्रिया सर्वांत अधिक वेळ असतात. म्हणून वायरमन येण्यापूर्वीं कर्त्या पुरुषानें कागद-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरांत जावें व तेथें काम करणाऱ्यांस विचारून पिनांच्या जागा ठरवाव्या. मिक्सर कोणत्या हातास असतो, शीतकपाटाचें दार कोणीकडे उघडतें, सांडलेलें पाणी कोणत्या बाजूस वाहतें, हें त्यांना ठाऊक असतें. दिवाणखान्यांत बसून तें कळत नाहीं.

आतां विटेच्या घरांतील कामाचे चार नियम सांगतों. पहिला : तार कधींहि नुसती लिंपून टाकूं नये, ती नळींतूनच जावी, म्हणजे पुढें भिंत न फोडतां बदलतां येते. नळीच्या पोकळीचा शेंकडा ४० हून अधिक भाग तारांनीं भरूं नये, व वळणें थोडीं आणि गोलाईचीं असावीं. दुसरा : सांधा भिंतीच्या पोटांत असूं नये. जेथें सांधा तेथें पेटी, व जेथें पेटी तेथें उघडतां येणारें झांकण. तिसरा : नळी बोर्डापासून सरळ वर, सरळ खालीं किंवा समपातळींत आडवी जावी. तिरपी वाट जवळची असते व तारहि कमी लागते. परंतु पुढें तसबिरीसाठीं खिळा ठोकणाऱ्या मुलास त्या तिरप्या तारेची कल्पना येणार नाहीं. चौथा नियम आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस आवडेल, कारण तो देहलीदीपन्यायाचा आहे. उंबऱ्यावरचा दिवा दोन्ही खोल्यांस उजेड देतो. त्याप्रमाणें दोन खोल्यांमधील जाड भिंतींत एकच उभी नळी आणून तिच्यावरून दोन्ही बाजूंस पिना देतां येतात, व निम्मी खोदाई वांचते. मात्र दोन्हीकडच्या पेट्या अगदीं पाठीला पाठ लावून न बसवितां थोड्या सरकवून बसवाव्या.

घरांत पूर्वींच्याच नळ्या असतील, तर खोदाईची गरजच नाहीं. जुन्या तारेच्या टोंकास नवी तार घट्ट बांधून जुनी ओढून काढली कीं तिच्या मागोमाग नवी येते. अडली तर शंखजिऱ्याची पूड लावावी. तेल लावूं नये, कारण तेलानें आवरण खराब होतें. मुख्य खटका बंद करून व टेस्टरनें खात्री करून मगच हें काम व्हावें, आणि तें वायरमननेंच करावें. घरच्या मुलांनीं जवळ उभें राहून पहावें, प्रश्न विचारावे. हात मात्र लावूं नये.

वांटणीचाहि एक नियम आहे. दिवे, पंखे व लहान पिना मिळून एका फेऱ्यावर दहांहून अधिक जागा असूं नयेत व त्यांचा एकूण भार ८०० वॅटांच्या आंत असावा. मोठ्या सोळा अँपियरच्या पिना एका फेऱ्यावर दोहोंहून अधिक नसाव्या. गीझरास स्वतंत्र फेरा द्यावा. प्रत्येक फेऱ्यास आपापला एम.सी.बी. असावा. येथें एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणें अवश्य आहे. एम.सी.बी. तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. सोळा अँपियरांवर पडणारा खटका माणसाच्या देहांतून जाणाऱ्या प्रवाहाची दखलहि घेणार नाहीं, कारण प्राणघातास त्याचा अगदीं अल्प अंश पुरतो. माणसासाठीं निराळें यंत्र आहे, त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला कीं नाहीं याचा तें सतत हिशेब ठेवतें, व ३० मिलिअँपियरांची तफावत आढळण्यापूर्वींच वीज तोडतें. ३० मिलिअँपियर म्हणजे सात वॅटच्या दिव्याइतका प्रवाह. ज्या घरांत सकाळीं स्नान करून ओलेत्यानें पूजेस बसण्याची चाल आहे, ज्या घरांत मोरींतून ओल्या पायांनीं येऊन गीझरचें बटण दाबलें जातें, त्या घरांत हें यंत्र चैनीचें समजूं नये. जुन्या तारांवर तें बसविलें कीं कधीं कधीं वारंवार पडतें, आणि मग कोणी तरी त्रासून तें काढून टाकतो. वैद्यानें ताप आहे म्हणून सांगितलें, तर तापमापक फोडून रोग जात नाहीं. यंत्र पडतें याचा अर्थ कोठें तरी वीज गळत आहे. ती जागा शोधली पाहिजे.

या सर्वांच्या जोडीस अर्थिंग हवेंच. तीन पायांच्या पिनेचा जाड पाय कापून ती दोन भोंकांत बसविण्याची युक्ति अनेक घरांत चालते. ती युक्ति म्हणजे धाकट्या मुलाच्या अंगावरील कवच काढून घेण्यासारखें आहे. हिरवी तार प्रत्येक पिनेपर्यंत गेली पाहिजे, आणि तिचें दुसरें टोंक परसांतील खड्ड्यांत पुरलेल्या नळीस अथवा पत्र्यास पक्कें जोडलेलें पाहिजे. आपली काळी जमीन ओली असतांना वीज उत्तम वाहून नेते. पण चैत्र-वैशाखांत ती वाळते व तिला हातभर भेगा पडतात. तेव्हां अर्थिंगचा गुण उतरतो. म्हणून त्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत आठवड्यांतून एकदां पाणी घालण्याचें काम घरांतील एखाद्या मुलाकडे सोंपवावें. तुळशीस पाणी घालणाऱ्यास ही आणखी एक बादली जड नाहीं.

कामास हंगाम निवडावा. पावसाळ्यांत भिंती ओल्या असतात, झिरींतील भर वाळत नाहीं. भर उन्हाळ्यांत धाब्याखालीं माणसास उभें राहवत नाहीं, व प्लास्टरचें पाणी लागलीच उडून तें चिरतें. दिवाळी झाल्यावर आरंभ करून होळीच्या आंत संपवावें. नळ्या बसल्या, तारा ओढल्या, कीं बोर्ड बसविण्यापूर्वीं व झाल्यावर अशी दोनदां ५०० व्होल्टच्या मेगरनें तारांची परीक्षा करवावी. आवरणाचा रोध एक मेगओहमहून कमी भरूं नये. भाताची परीक्षा एका शितावरून होते. परंतु येथें स्थालीपुलाकन्याय लागू पडत नाहीं. प्रत्येक फेरा व प्रत्येक पीन स्वतंत्र तपासली पाहिजे. खटका फेजच्या तारेवरच आहे ना, हेंहि पहावें. तो न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो, पण दिव्याच्या तोंडाशीं वीज जिवंत राहते, आणि दिवा बदलणाऱ्यास ती सांपडते.

काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत् ठेकेदाराकडून करवावें, व तपासणीचा अहवाल त्याच्या सहीशिक्क्यानिशीं मागून घ्यावा. भार वाढत असेल तर महावितरणकडे तसा अर्ज करून मंजूर भार वाढवून घ्यावा. स्वस्तांत करून देणारा पुष्कळ वेळां तीच तार अर्ध्या जाडीची घालतो, व ती भिंतींत गेल्यावर कोणी पाहूं शकत नाहीं. यास्तव तारेचीं वेटोळीं घरधन्यानें स्वतः विकत आणावीं आणि नळी बुजविण्याच्या दिवशीं घरीं हजर असावें.

शेवटची सूचना अगदीं बिनखर्चाची आहे. झिऱ्या बुजविण्यापूर्वीं प्रत्येक भिंतीचें छायाचित्र घ्यावें, आणि एका कागदावर घराचा आराखडा काढून नळी कोठून कोठें गेली, जमिनीपासून किती उंचीवर आहे, कोणता खटका कोणत्या खोलीचा, हें लिहून ठेवावें. छायाचित्रें हरवतात, यंत्रें बदलतात, कागद राहतो. तो कागद घराच्या खरेदीखताच्या पुडक्यांत ठेवावा, व त्याची एक प्रत मीटरच्या पेटीच्या आंतील बाजूस चिकटवावी. आम्हीं ज्या कुटुंबाची हकीकत वर दिली, त्यांच्या घरीं हा आराखडा आठवींतील नातीनें काढला आहे. मोजमापें तिनें स्वतः घेतलीं, आणि आजींच्या खोलीचा खटका कोणता तें तांबड्या शाईनें लिहिलें आहे. रात्रीं वीज गेली तर आधीं तो पहावा, असें तिचें म्हणणें.

पुढील खेपेस धाब्यावरील मातीच्या डागडुजीविषयीं लिहूं.